घरी नाही

आमच्या खाडीच्या टोकाला एक डोंगर आहे,
असं आम्ही पाहुण्यांना सांगतो,
आणि त्यांनी मान वर केली की
ढग दाखवतो.

नकाशात त्याला कुठल्याशा कप्तानाचं आडनाव आहे.
कप्तान इथं दोन रात्री थांबला,
दोन्ही रात्री पाऊस होता.
आम्ही ते नाव घेत नाही.
सकाळी दार ढकलून ओली लाकडं आत घेताना
कुणी विचारतं, आहे का?
आणि फळ्यांच्या वाटेवरून कुणी जाता जाता सांगतं,
घरी नाही.

आई दुकान चालवायची. एदुविना नावाची माझी आई,
पीठ, रॉकेल, दोर, मेणबत्त्या.
उधारीची वही उलटी धरून
मागच्या पानांवर ती डोंगर दिसल्याचे दिवस लिहायची.
एकतीस वर्षांत दोनशे सात.
‘अर्धा तास.’
‘नुसता खांदा.’
‘पहाटे, चांदण्यात. कुत्रा भुंकला म्हणून उठले.’
एका पानावर एकच ओळ:
‘सगळा. आर्तेमियोला पुरायला नेलं तेव्हा.’

चढणारे यायचे उन्हाळ्यात, ज्याला आम्ही उन्हाळा म्हणतो त्यात.
बाबा त्यांना होडीनं नऊ तास आत नेऊन सोडत
आणि तिथून वाट नव्हतीच:
मांडीपर्यंत पाय गिळणारं शेवाळ,
पडलेल्या झाडांवर पडलेली झाडं,
मग दुधाळ, दातखीळ बसवणारी नदी,
मग हिमनदी, भेगाळलेली,
आणि सहाव्या दिवशी, वारा पडला तर,
चढाला सुरुवात.
बहुतेक परत यायचे, न चढता,
ओठ फुटलेले, आईच्या चुलीशी गप्प बसून कालवं खायचे.
दोघं आले नाहीत.
त्यांची एक पिशवी अजून आमच्या आढ्याला टांगलेली आहे,
उंदीर लागू नयेत म्हणून.
आईनं ती कधी उघडली नाही, उघडू दिली नाही.

येर्नेया आली त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते.
तिच्याबरोबर एक लाजाळू, उंच माणूस होता, खूप खायचा.
बाबांनी सोडलं त्याच्या तेहतिसाव्या दिवशी
ते किनाऱ्यावर धूर करताना दिसले.
माणसाच्या उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली होती.
येर्नेया घरात शिरली, बूट न काढता,
आईनं तेही चालवून घेतलं.
वर पोचलो, ती म्हणाली.
आनंदानं नाही. हरवलेली वस्तू कुठं ठेवली ते सांगावं तशी.

मग बऱ्याच वेळानं,
तोडक्यामोडक्या आमच्या भाषेत तिनं विचारलं:
कसा दिसतो तो?

आई हसली नाही.
तेहतीस दिवस ती त्याच्या अंगावर होती,
दोरापुढचा हातही दिसत नव्हता तिला,
कडा तिनं नखांनी ओळखला होता,
शिखर म्हणजे फक्त
पुढं चढ नसणं.
आणि माझी आई, जी गुडघ्यांमुळे
घाटापलीकडे कधी गेली नाही,
तिनं परातीतलं पीठ टेबलावर पसरलं
आणि बोटानं काढला:
डावा खांदा, थोडा पडलेला,
मधली खाच, तिथं संध्याकाळी निळं होतं,
आणि वर कोबीसारखा बर्फ, वाऱ्याकडे वळलेला.

इथं? येर्नेयानं कोबीवर बोट टेकवलं, पण दाबलं नाही.
इथं, आई म्हणाली.
उंच माणूस बँडेजचा हात छातीशी धरून
वाकून बघत राहिला.

त्या रात्री आईचा आणि बाबांचा वाद झाला वहीवरून.
ती वर उभी होती तो दिवस धरायचा की नाही?
बाबा म्हणाले, दिसला कुठं?
आईनं पेन्सिल ओली केली, तारीख घातली,
लिहिलं: ‘घरी नाही.
पण कुणीतरी दार वाजवून आलं.’
दोनशे सातांत ती नोंद धरलेली नाही.

पहाटे मी उठले तेव्हा
टेबलावर डोंगर तसाच होता.
आईनं यीस्ट घातलं, कोमट पाणी घातलं,
आणि आधी खांदा, मग खाच,
सगळं आत ओढून घेऊन
मळायला लागली.
होडी सातला सुटणार होती.